नाटक गेले, पद राहिले



नाटके लोक विसरून जातात. त्यांचे कथानक, त्यांतली पात्रे, एके काळी टाळ्या घेणारी भाषणे, सारे काळाच्या पोटात जाते. पण कधी कधी त्यातले एखादेच पद मागे उरते आणि पन्नास, शंभर वर्षे लोकांच्या तोंडी राहते. झाड केव्हाच वठून गेले, पण त्याचे एक फळ मात्र अजून ताजे आहे, असा हा प्रकार आहे. तो का घडतो, कसा घडतो, आणि घडताना त्या पदाचे काय काय होते, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

त्यासाठी मी एक पद डोळ्यांपुढे ठेवले आहे. ते आपल्याच अमरावतीच्या एका लेखकाच्या नाटकातले आहे. ग्वाल्हेरची गायकी कमावलेल्या एका बुवांनी त्याला चाल दिली आणि गोमंतकातून आलेल्या एका नटाने ते महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोचवले. नाटकाचे नाव 'रणदुंदुभि', साल १९२७, आणि पद 'परवशता पाश दैवे'. पद म्हटले की आपल्यापैकी निम्म्यांना तरी चाल आठवेल. नाटक किती जणांनी पाहिले आहे असे विचारले, तर मात्र फारसे हात वर येणार नाहीत.

या पदाकडे वळण्यापूर्वी आपल्याला थोडा वेळ अमेरिकेला जाऊन यावे लागेल. हा वळसा मी मुद्दाम घेत आहे. आपल्याकडे जे घडले तेच तिकडेही घडले, पण तिकडच्या लोकांनी त्या प्रकाराला नाव दिले. नाव मिळाले की विचार करणे सोपे जाते.

अमेरिकेतील नाट्यगृहांत आणि रात्रीच्या उपाहारगृहांत १९२० ते १९३० च्या सुमारास एका जातीच्या गाण्याची चलती होती. त्याला तिकडे 'टॉर्च साँग' म्हणत. टॉर्च म्हणजे मशाल. ज्याच्यावर आपण जीव टाकतो तो आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तरी त्याच्या नावाची मशाल हाती धरून बसायचे, असा त्या शब्दामागचा भाव. गाणारी बहुधा स्त्री, लय संथ आणि सूर विनवणीचा. आपल्याकडच्या ठुमरीतील विरहिणीला हे वेगळे सांगायला नको. ती तरी दुसरे काय करते?

अशाच एका गाण्याचे नाव 'बॉडी अँड सोल', म्हणजे तनमन. जॉनी ग्रीन नावाच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९३० साली त्याची चाल बांधली. गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्रज नटीसाठी ते मुळात लिहिले गेले. तिने ते लंडनला नेले, तिथे ते गाजले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'थ्रीज अ क्राउड' नावाच्या खेळात लिबी होल्मन या गायिकेने ते गायिले. तो खेळ आज कोणाच्याही खिजगणतीत नाही. तशी शेकडो गाणी त्या काळी आली आणि हंगामाबरोबर गेली. हे मात्र गेले नाही.

न जाण्याचे कारण काय? जाझ वाजवणाऱ्या लोकांच्या ते हाती लागले. जाझ हे अमेरिकेतील निग्रो समाजाने घडवलेले संगीत. त्याचा प्राण म्हणजे ऐन वेळी सुचणारी कल्पना, आपल्या भाषेत उपज. लुई आर्मस्ट्राँगने ते गाणे १९३० सालीच घेतले. पुढे ११ ऑक्टोबर १९३९ रोजी कोलमन हॉकिन्स नावाच्या सॅक्सोफोनवादकाने त्याची ध्वनिमुद्रिका केली. सॅक्सोफोन म्हणजे फुंकून वाजवायचे, वाकड्या तोंडाचे, भरदार आवाजाचे एक पितळी वाद्य. हॉकिन्सने मूळ चाल सुरुवातीला जराशी दाखवली आणि सोडून दिली. पुढची सारी मुद्रिका म्हणजे त्या चालीच्या सांगाड्यावर त्याने स्वतः रचलेली बढत होती. शब्द नाहीत, चालही धड नाही, आणि तरीही ती तबकडी सामान्य लोकांनी डोक्यावर घेतली. त्या दिवसापासून ते गाणे कोणा एका नटीचे राहिले नाही. आपली विद्या दाखवू इच्छिणाऱ्या प्रत्येक सॅक्सोफोनवादकाला त्या परीक्षेला बसणे भाग पडले. असे जे गाणे सर्वांचे होते, ज्याचा आराखडा सर्वांना पाठ असतो आणि ज्याच्यावर प्रत्येकाने आपली बुद्धी चालवावी अशी अपेक्षा असते, त्याला तिकडे 'स्टँडर्ड' म्हणतात.

आता हा आराखडा कसा असतो तेही पाहू. 'बॉडी अँड सोल' हे बत्तीस मात्राखंडांचे गाणे. आठ-आठांचे चार भाग. पहिला भाग आणि दुसरा भाग एकाच चालीचे, तिसरा वेगळा, आणि चौथ्यात पुन्हा पहिल्याची चाल. पहिल्या भागाला अस्ताई म्हणा, तिसऱ्याला अंतरा म्हणा, फारसे बिघडणार नाही. गंमत तिसऱ्या भागात आहे. तिथे षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो. पायाखालची जमीनच उचलली जावी तसे होते, आणि मग घसरत घसरत गायकाला मूळ जागी यावे लागते. गवयाला अशी अवघड जागा दिसली की त्याचे हात शिवशिवू लागतात. सोप्या गाण्यावर बुद्धी चालत नाही आणि फारच गुंतागुंतीच्या गाण्यात तिला फिरायला जागा उरत नाही. घर भक्कम असावे आणि आत मोकळी ओसरी असावी, तसे ते गाणे आहे.

हे संगीत आपल्यापासून फार दूर होते असेही नाही. १९३५ साली लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्यापाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्याकडून गोमंतकीय वादकांनी ती विद्या उचलली, आणि त्यांतले अनेकजण पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. पण तो इतिहास वेगळा आहे. आपल्याला आता घरी परत यायचे आहे.

मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० साली पुण्यास झाला, हे आपण जाणताच. किर्लोस्करांची पदे गोड होती. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातल्या चाली असा घरचाच मालमसाला त्यांनी वापरला. पद आले, कथा पुढे सरकली, पद गेले. पदाला नाटकाबाहेर स्वतंत्र संसार नव्हता.

यात पहिला मोठा बदल केला तो आपल्या वऱ्हाडातल्याच एका वकिलाने. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी अकोला, खामगाव, जळगाव-जामोद अशा ठिकाणी वकिली केली आणि ती सांभाळून नाटके लिहिली. त्यांचे 'वीरतनय' हे नाटक १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. कोल्हटकरांना पारशी कंपन्यांच्या उर्दू नाटकांच्या चालींचा मोठा शौक. त्या चटकदार, ठसकेबाज चाली त्यांनी मराठी पदांत आणल्या. जुन्या मंडळींनी नाके मुरडली, पण दार उघडले ते उघडलेच. पदाची चाल घरातलीच असली पाहिजे हा नियम मोडला.

त्या दारातून पुढे गोविंदराव टेंबे आत आले. काकासाहेब खाडिलकरांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईस प्रथम झाले. टेंबे हे नामांकित पेटीवादक. त्यांनी या नाटकासाठी उत्तरेकडच्या ठुमऱ्या, कजऱ्या, दादरे यांच्या चाली घेतल्या. म्हणजे लखनौ-बनारसच्या कोठीवर जे विरहाचे गाणे गायिले जाई, ज्या गाण्याला आपण मघाशी मशालीचे गाणे म्हटले त्याचीच ही देशी बहीण, ती मराठी शालू नेसून सभ्य कुटुंबांपुढे उभी राहिली. बालगंधर्वांच्या भामिनीच्या तोंडून ते सूर ऐकताना समोरच्या बायामाणसांना त्यांच्या जन्मगावाची चौकशी करण्याचे कारण पडले नाही. पाच वर्षांनी, १९१६ साली, 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली गानमहर्षी भास्करबुवा बखल्यांच्या. आता ठुमरीबरोबर ख्यालही रंगभूमीवर चढला. 'नाथ हा माझा' हे यमनातले पद ऐकताना नाटक पाहतो आहोत की मैफलीला बसलो आहोत, असा संभ्रम प्रेक्षकाला पडू लागला.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगतो. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके आपल्यापैकी काहींच्या घरी असतील. ती काढून पाहा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द छापलेले दिसतील. आधी चीज होती, मग तिच्या मापाने मराठी शब्द बेतले गेले, याचा तो दाखला. जाझवाले याच्या उलट करतात. ते जुन्या गाण्याचा स्वरसंगतीचा सांगाडा तसाच ठेवतात आणि वर नवी चाल चढवतात. चार्ली पार्कर या वादकाने १९४५ साली 'चेरोकी' नावाच्या गाण्याच्या सांगाड्यावर 'को-को' उभे केले ते असेच. तिकडे सांगाडा जुना आणि चाल नवी, इकडे चाल जुनी आणि शब्द नवे. दोन्हीकडे गाणे एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते, एवढे मात्र सारखे.

आणि याच कारणाने नाट्यपद मैफलीत गेले यात नवल नाही. ते मूळचे मैफलीतूनच आले होते. माहेरवाशीण माहेरी परतली, इतकेच.

आता आपण आपल्या पदाकडे वळू. त्याचे लेखक वामन गोपाळ जोशी, म्हणजे आपले वीर वामनराव. 'रागिणी'कार वामन मल्हार जोशी निराळे, हे तरुण मंडळींसाठी सांगून ठेवतो. वीर वामनरावांचा जन्म १८८१ चा, मृत्यू १९५६ चा. अमरावतीत त्यांनी 'स्वतंत्र हिंदुस्थान' हे पत्र चालवले, स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. त्याच हाताने त्यांनी नाटके लिहिली. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे त्यांचे नाटक ललितकलादर्श मंडळीने केले आणि त्यातली केशवराव भोसल्यांची मृणालिनी महाराष्ट्रभर गाजली. ज्या गावचे दादासाहेब खापर्डे १९०५ साली मुंबईला भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या गावाला नाटकाचे वेड असावे आणि राजकारण व रंगभूमी यांच्यात तिथे फारसा पडदा नसावा, हे साहजिकच होते.

त्या काळी उघड बोलण्याची सोय नव्हती, हेही ध्यानात घ्या. नाटकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा सरकारने १८७६ सालीच करून ठेवला होता. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. सैरंध्री म्हणजे कोण आणि कीचक म्हणजे कोण, हे सरकारला कळायला तीन वर्षे लागली, पण कळले. तेव्हापासून नाटककाराला शब्द जपून वापरावा लागे. कथा काल्पनिक राज्याची सांगायची, राजे-राण्या आणायच्या, आणि जे म्हणायचे ते एखाद्या पात्राच्या दुःखात लपवून म्हणायचे.

'परवशता' या शब्दाची करामत इथे आहे. हा शब्द मुळात कोठला? ठुमरीतली नायिका म्हणते की मी परबस झाले, माझे मन माझ्या ताब्यात नाही. मशालीचे गाणे गाणारी अमेरिकन स्त्रीही हेच म्हणते की माझे तनमन आता तुझे, माझे काही उरले नाही. प्रेमात परवश होणे हे शृंगाराचे एक जुने दुखणे आहे. वामनरावांनी तो शब्द उचलला आणि प्रियकराच्या जागी परका राज्यकर्ता बसवला. ज्याच्या गळ्यात पारतंत्र्याचा फास पडला त्याला जिवंतपणीच मरणाचे भोग भोगावे लागतात, आणि घराचा जो खरा धनी त्यालाच लोक चोर म्हणू लागतात, असा त्या पदाचा आशय आहे. १९२७ साली थिएटरात बसलेल्या माणसाला या ओळींतले घर कोणते आणि धनी कोण हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. कायद्याच्या कचाट्यात धरावे असे त्यात काही सापडत नव्हते, आणि समजायचे ते सारे समजत होते.

या शब्दांना चाल मिळाली ती वझेबुवांची. रामकृष्णबुवा वझे म्हणजे ग्वाल्हेरच्या निसारहुसेन खाँसाहेबांकडे विद्या घेतलेले, करारी गळ्याचे आणि तितक्याच करारी स्वभावाचे गवई. गुळगुळीत चाल बांधणे हा त्यांचा पिंड नव्हता. त्यांच्या पदांत आक्रमक झेप असते, शब्द स्वरांवर आदळतात, आणि समेवर येताना गायकाला मागचापुढचा हिशेब चोख ठेवावा लागतो. अशी चाल पेलायला गळाही तसाच लागतो. तो बळवंत संगीत मंडळीकडे होता.

मास्टर दीनानाथ मंगेशकर १९०० साली गोमंतकात मंगेशी येथे जन्मले. किर्लोस्कर मंडळीत काही काळ काढल्यावर १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांचा गळा म्हणजे वीज होती. पंजाबी ढंगाच्या हरकती, अनपेक्षित जागी उसळी मारणारी तान, आणि पुढच्या क्षणी काय होईल याचा ऐकणाऱ्याला अंदाज लागू न देण्याची हातोटी. बालगंधर्व स्वराला गोंजारत, दीनानाथ त्याच्यावर झडप घालत. 'रणदुंदुभि'त त्यांनी तेजस्विनीची भूमिका केली. एका पुरुषाने स्त्रीवेशात उभे राहून देशाच्या बेड्यांचे दुःख ठुमरीच्या घराण्यातल्या शब्दाने सांगावे आणि तेही अशा तडफेने, हा संगम मराठी रंगभूमीवरच होऊ शकला.

वऱ्हाडच्या गावोगावी नाटक कंपन्या येत तेव्हा मुक्काम हलला की पद मागे राही. पेटीवर बसलेला एखादा हौशी तरुण ते काढायचा प्रयत्न करी. मग ग्रामोफोन आला. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. थिएटरात वन्समोअर घेत घेत जे पद खूप लांबे, ते तबकडीवर मूठभर वेळात बसवावे लागे. हॉकिन्सलाही हीच मर्यादा होती. तरी या तीन मिनिटांचा एक मोठा फायदा झाला. पद आता पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागले, त्यातली प्रत्येक जागा पाठ करता येऊ लागली. गुरूशिवाय विद्या नाही म्हणतात, पण तबकडीने थोडी उसनवारीवर विद्या दिली.

दरम्यान नाटकाचे दिवस फिरले. १९३१ साली बोलपट आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट आला. नाट्यमन्वंतराने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आणून नव्या धर्तीचे, आटोपशीर, मोजक्या पदांचे नाटक दाखवले. रात्र रात्र चालणाऱ्या, पदामागून पद आणि वन्समोअरमागून वन्समोअर घेणाऱ्या नाटकाला सुशिक्षित लोक कंटाळले होते. तेही सर्वस्वी चुकीचे नव्हते. वीस मिनिटे एकच पद चालले तर शेजारी उभ्या असलेल्या पात्राने करावे तरी काय? पदाने नाटकाचा घास घेतला, हा आरोप त्या काळी झाला तो खोटा नव्हता. बळवंत मंडळीही बोलपटाच्या वाटेने गेली आणि त्यात हात पोळले. दीनानाथ १९४२ साली पुण्यास वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते.

नाटक गेले, मंडळी गेली, नट गेला. आता पद कोण सांभाळणार?

उत्तर पुन्हा वऱ्हाडातच मिळते. मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये मूर्तिजापूर लागते. तिथे १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले. ते वाढले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे गाणे शिकले, लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या चित्रपटात कृष्ण झाले, लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडून मारवा घेऊन आले. पोटासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सैन्याच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. पण त्यांच्या गळ्यावर दीनानाथांची छाया लहानपणीच पडली होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. दीनानाथांची पदे ते मैफलीत गात. गाताना मात्र ते नक्कल करीत नसत. दीनानाथांनी जिथे झडप घातली तिथे हे क्षणभर थांबत, दुसऱ्याच वाटेने फिरून येत, आणि श्रोता 'आता समेवर कसे येणार?' म्हणून श्वास रोखून बसला असता हसत हसत येऊन उभे राहत. पुढे २४ डिसेंबर १९६७ रोजी नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' आले आणि त्यातल्या खाँसाहेबाच्या भूमिकेने वसंतरावांना घरोघर नेले. ते १९८३ साली वारले. २०१५ साली त्या नाटकाचा चित्रपट झाला तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे यांचा गळा त्यात होता. दीनानाथांच्या घरीही ही ठेव जपली गेली. आशा भोसले यांनी वडिलांची पदे नव्याने ध्वनिमुद्रित केली.

दुसरे उदाहरण घ्यायचे तर १९६५ सालचे घ्या. त्या वर्षी कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. नावातला 'मला उमजलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. बालगंधर्व जसे गात तसे मी गाऊन दाखवतो, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या पदांतून मला काय दिसले ते मी सांगतो, असे म्हटले. काही जुने भक्त रुसले. पण गाणे सर्वांचे होते ते अशाच क्षणी. पहिल्या गायकाची आठवण दुसऱ्याने मान देऊन बाजूला ठेवली म्हणजे पद त्या माणसाचे न राहता परंपरेचे होते.

इथवर आपण पदाच्या भाग्याचे गुणगान केले. आता त्याची किंमत काय पडली तेही पाहिले पाहिजे.

मैफलीत शेवटी, भैरवीच्या आधी, गवई नाट्यपद घेतो. श्रोते सैल होतात, माना डोलू लागतात. 'परवशता' हा शब्द घेऊन गवई त्याचे स्वर सुटे करतो, आलापीत घोळवतो, तानेत फेकतो. तबलजीशी खेळ होतो. टाळी पडते. आणि या साऱ्या आनंदात एक गोष्ट सहज निसटून जाते, ती म्हणजे त्या शब्दाचा अर्थ. फास गळ्यात पडला आहे असे सांगणाऱ्या पदाला आपण 'क्या बात है' म्हणून दाद देतो. १९२७ साली ज्या ओळीवर थिएटरात माणसे गप्प झाली असतील, त्याच ओळीवर आज आपण हसतमुखाने ताल धरतो.

कोणी म्हणेल, त्यात बिघडले काय? १९४७ साली ती परवशता संपली. नायिकेचे दुःख दूर झाल्यावर विरहगीत करमणुकीचे झाले तर तक्रार कशाची? हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. परवश माणूस केवळ परकीय राज्यातच असतो असे नाही. सावकाराच्या वहीत ज्याचे शेत अडकले आहे तो कास्तकार, सासरी जिच्या शब्दाला किंमत नाही ती सून, पोटासाठी मन मारून जगणारा कारकून, हेही आपल्या घराचे धनी असून चोर ठरतात. वामनरावांनी लपवण्यासाठी जो व्यापक शब्द निवडला, त्यानेच त्या पदाला पुढचे आयुष्य दिले. नेमके इंग्रज सरकारचे नाव घेतले असते, तर ते पद त्या सरकारबरोबरच संपले असते.

मग शब्द जपायचे की गायकाला मोकळीक द्यायची? दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा एक चांगला धडा मला पुन्हा जाझवाल्यांकडूनच मिळतो. लेस्टर यंग हा हॉकिन्सच्याच तोडीचा सॅक्सोफोनवादक. वाद्याला शब्द नसतात, तरी त्याचा आग्रह असे की वादकाला गाण्याचे शब्द ठाऊक असलेच पाहिजेत. शब्द तोंडाने उच्चारायचे नाहीत, पण मनात असले पाहिजेत, म्हणजे कोठे थांबावे आणि कोठे दुखावे हे बोटांना कळते. ज्याला शब्दच येत नाहीत तो नुसती कसरत करील. शब्द माहीत असून जो ते सोडतो, त्याच्या स्वरांतून ते दिसत राहतात. वसंतरावांच्या गाण्यात तान कितीही लांब गेली तरी ती कोठून निघाली हे कानाला विसरू देत नसे, ते याच कारणाने असावे.

गायकाला जे लागू तेच श्रोत्यालाही लागू आहे. पद ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या, असे मी सुचवीन. पहिली, मुखडा. पदाचा पहिला तुकडा समेवर किती वेळा आणि किती निरनिराळ्या वाटांनी परत येतो ते मोजा. पदाची भक्कम चौकट ती हीच. दुसरी, गायकाने विस्तारासाठी कोणता शब्द निवडला ते पाहा. 'पाश' या शब्दावर रेंगाळणारा गवई आणि नुसत्या आकारावर धावणारा गवई यांच्यात फरक आहे. तिसरी, पद संपवताना तो मूळ चालीवर कसा येतो ते ऐका. फिरून घरी आलेल्या माणसासारखा येतो, की वाट चुकलेल्यासारखा? एवढे तीन कान लावले की आपल्या टाळीलाही काही अर्थ येईल.

आणि एक चौथी गोष्ट. त्या पदाचे नाटक कोणते, लेखक कोण, हे माहीत करून घ्या. मैफलीत गवई बहुतेक वेळा रागाचे नाव सांगतो, दीनानाथांचे नाव घेतो, क्वचित वझेबुवांचे घेतो. लेखकाचे नाव सहसा येत नाही. जाझच्या मुद्रिकांवरही तसेच. जॉनी ग्रीनचे नाव बारीक अक्षरात आणि शब्द लिहिणाऱ्यांची नावे त्याहून बारीक अक्षरात. गाणे सर्वांचे झाले की पहिल्या धन्यालाच कोणी ओळखत नाही. घराच्या मालकाची ही गत वामनरावांनी दुसऱ्या संदर्भात लिहून ठेवली, ती त्यांच्या स्वतःच्या वाट्यालाही यावी, हा योग काही बरा नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्यांना विसरावे हे एक वेळ समजेल. अमरावतीने आणि अकोल्याने विसरू नये.

तात्पर्य काय? रंगभूमीवरचे विरहगीत किंवा वेदनेचे पद दीर्घायुषी होते ते तीन कारणांनी. त्याची चौकट पक्की असते, आत गायकाला फिरायला मोकळी जागा असते, आणि त्याचे दुःख एका पात्राचे न राहता ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपले म्हणता येते. पहिली दोन कारणे गवयाच्या हाती आहेत. तिसरे टिकवणे आपल्या हाती आहे. त्या दुःखाचा अर्थ ऐकणाऱ्यांनी जागा ठेवला, तर पद जिवंत राहील. नाही तर चाल उरेल आणि पद जाईल, जसे एके काळी पद उरले आणि नाटक गेले.